ओठांवरचं गाव

माझी मावशी ठार बहिरी आहे आणि गावात तिच्यापासून काही लपून राहत नाही. समोरच्या फुटपाथवर दोघीजणी तिसरीबद्दल कुजबुजत असल्या, की मावशी इकडे खिडकीत वाटाणे सोलता सोलता मला सांगते, "सुनेचं चाललंय. काळजीचा आव बघ कसा आणलाय." बँकेत काचेआड साहेब कारकुनाला काय झापतोय, बसथांब्यावर कोणाचं कोणाशी जमलंय आणि कोणाचं फिसकटलंय, सगळं तिला बसल्या जागी कळतं. एखाद्याने पाठ फिरवून बोलायला सुरुवात केली की मात्र तिचा नाइलाज होतो. पाठ फिरवून बोलणारा माणूस तिच्या मते जन्मजात लबाड.

ही विद्या तिची एकटीची नाही. कापडाची गिरणी होती तोवर अर्ध्या गावाला ती येत होती.

गिरणी नदीच्या वळणावर होती. मागांच्या शेडचं छप्पर करवतीच्या दातांसारखं होतं आणि त्या दातांमधल्या काचांतून दिवसभर पांढरट उजेड खाली उतरायचा. उजेडात कापसाची लव तरंगत असायची, खाली बसायचं नावच घ्यायची नाही. शेकडो माग एकदम चालायचे. सूत घेऊन धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि प्रत्येक फेरीला लाकडावर लाकूड आपटल्याचा ठोका. मावशी सांगते, त्या शेडमध्ये आवाज नव्हताच. सुरुवातीला होता, डोकं फुटेल असा होता, मग एक दिवस तो हवेसारखा झाला आणि नाहीसा झाला. नाहीसा होताना तो कान घेऊन गेला, हे कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

तिथे ओरडून उपयोग नसे, म्हणून माणसं ओठांनी बोलायची. शब्द तोंडात मोठा करायचा, ओठ ताणून, सावकाश, आणि घशातून काहीच काढायचं नाही. जोडीला हात. मनगटावर बोट टेकवलं की किती वाजले. गुडघ्याजवळ तळवा धरला की घरचं मूल. खांद्यावर दोन बोटं ठेवली की जॉबर येतोय, म्हणजे माग दुरुस्त करणारा आणि जाता येता सगळ्यांवर डाफरणारा माणूस. शेडच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या मैत्रिणीला स्वेटरचे टाके सांगता यायचे. आणि एक नियम सगळ्यांना पक्का ठाऊक होता, की ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या नजरेसमोर बोलायचं नाही.

ती बोली शेडमध्ये थोडीच राहणार होती. पाळी सुटली की सगळी माणसं पुलावरून घरी यायची, आणि माझी अगदी पहिली आठवण तीच आहे. संध्याकाळचं धुकं, पूल, आणि त्यावरून येणारी रांगच्या रांग. सगळे बोलतायत, हसतायत, हातवारे करतायत, आणि आवाज नाही. नुसती चपलांची सळसळ. कितीतरी दिवस मला वाटायचं, की मोठं झाल्यावर आवाज लागत नसावा. तो लहान मुलांना देतात, रडण्यापुरता. त्या रांगेतून मावशी पुढे यायची, मला उचलायची आणि तिच्या केसांतली लव माझ्या नाकात जायची.

गिरणीचा आवाज घराघरांत होता, जमिनीतून यायचा. फळीवरच्या कपबश्या बारीक थरथरत असायच्या, पाण्याच्या पातेल्यात कडेकडेने वर्तुळं उठायची. गिरणी बंद पडली त्या संध्याकाळी कपबश्या गप्प झाल्या आणि गावातली तान्ही बाळं एकजात रडायला लागली. आयांना वाटलं पोट दुखतंय. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा शांतता ऐकू आली होती, एवढंच.

माझी आईही त्याच शेडमध्ये कामाला होती. ती मावशीची धाकटी बहीण. दोघींचे माग समोरासमोर. मी जेमतेम चालायला लागले होते तेव्हा आई तापाने गेली. वडील कामाच्या शोधात दुसऱ्या गावी गेले आणि तिकडचेच झाले. मावशीने लग्न केलं नाही, मला वाढवलं. आईचा एक फोटो भिंतीवर होता, त्यात ओठ घट्ट मिटलेले. तिचा चेहरा मला पाठ होता, पण आवाज नव्हता. लहानपणी मी मावशीला छळायचे, आई कशी बोलायची, सांग ना. "छान बोलायची," एवढं म्हणून मावशी कामाला लागायची. मला तिचा फार राग यायचा. आईचा आवाज हिच्याजवळ आहे, कुठेतरी कडीकुलपात ठेवलाय आणि मला देत नाही, असं वाटायचं.

मावशीबरोबर राहायचं तर एक शिक्षा भोगावी लागते, ती म्हणजे "परत सांग". मी घरात पाऊल टाकते, "बाहेर गार वारा सुटलाय" म्हणते. ती माझ्या तोंडाकडे बघणार आणि म्हणणार, "परत सांग." मग परत गार वारा. भाजीत मीठ जास्त झालंय, हेसुद्धा दोनदा. ती स्वतः आवाजात बोलते, जरा मोठ्यानेच, त्यामुळे मला ओठ वाचायची कधी गरज पडली नाही. पण जिला रस्त्यापलीकडची कुजबुज एका झटक्यात कळते, तिला हातभर अंतरावर बसलेल्या भाचीचं वाक्य दोनदा का लागावं? एकदा चिडून विचारलंही.

"तू पुटपुटतेस," ती म्हणाली.

मी! मी वाचनालयात काम करते हे खरं, पण पुटपुटत नाही.

तिला उरलेलं थोडंसं ऐकूही मागच्या वर्षी गेलं. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, मग शिष्टाचार म्हणून खिडकीकडे तोंड केलं आणि मला हळूच सांगितलं, की आता आशा ठेवू नका, कानातल्या यंत्राचाही फारसा उपयोग होणार नाही. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि काचेत त्यांचं तोंड स्वच्छ दिसत होतं.

"यंत्र नकोच," मावशी खुर्चीतून म्हणाली. "त्यातून नुसते चमचे ऐकू येतात."

डॉक्टर दचकले. गावात नवीन होते बिचारे, गिरणीच्या माणसांची त्यांना सवय नव्हती. यंत्र आता बटणांच्या डब्यात आहे. पहिले काही दिवस ते डब्यातून मधूनच शिट्टी मारायचं आणि ती मला एकटीला ऐकू यायची.

त्या दिवशी घरी येताना मावशी पुलावर थांबली. "पाण्याचा आवाज येत होता थोडा," ती म्हणाली. "तोही गेला." काही बोलले असते तर ते परत सांगावं लागलं असतं आणि तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं. आम्ही दोघी कठड्याला टेकून पाणी बघत राहिलो.

आमच्या वाचनालयाच्या माडीवर दोन खोल्यांचं गावाचं संग्रहालय आहे. हेडमास्तर त्याचे सर्वेसर्वा. ते कधीच निवृत्त झाले, पण शाळेने फक्त पगार थांबवला, पद नाही, असं त्यांना वाटतं. मी त्यांचा उजवा हात, आणि त्या हातात बहुतेक वेळा झाडू असतो. तिथे धोटे आहेत, सूत गुंडाळायच्या कांड्या आहेत, गिरणीचा भोंगा आहे. गिरणीचं ऑफिस पाडायला काढलं तेव्हा एका कपाटामागे पत्र्याचा गोल डबा सापडला. आत फिल्म होती. नवीन माग बसवले त्या समारंभाची, मालकांनी हौसेने काढून घेतलेली, मुकी. फोटो स्टुडिओवाल्याने खटपट करून ती कॉम्प्युटरवर चढवली आणि एका दुपारी आम्ही पडदे ओढून ती माडीच्या भिंतीवर लावली.

भिंत विरघळली आणि तिथे शेड उघडली. तोच छपरातला उजेड, तीच तरंगती लव. धोटे धावतायत, माणसं वाकतायत, सरळ होतायत, पाण्याखालून चालल्यासारखी. जुनेजाणते पाच-सहाजण पुढे वाकून बघत होते.

"आवाज असता तर मजा आली असती," हेडमास्तर शेवटी म्हणाले.

मावशीने त्यांच्याकडे बघितलं. "असाच होता," ती म्हणाली. आणि ती वाचायला लागली.

मालक पाहुण्यांना मागांची थोरवी सांगत होते आणि पाहुणे मान डोलवत विचारत होते, "बाहेर जायचा दरवाजा कोणता?" गुच्छ घेऊन उभी असलेली बाई शेजारणीला सांगत होती, की नवे बूट चावतायत, आता मरते मी. जॉबर ऐटीत पाहुण्यांच्या पुढे चालत होते आणि त्यांची पाठ वळल्याबरोबर अख्खी रांग एकदिलाने म्हणत होती, "सुजलेला बोका." ते जॉबर आमच्यातच बसले होते, आता काठी घेऊन. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"मला सगळे साहेब म्हणायचे!" ते म्हणाले.

"तोंडावर," मावशी म्हणाली, आणि जॉबरच सगळ्यांत मोठ्याने हसले. हेडमास्तर तर खुर्चीतून उठून नाचायचे बाकी होते. इतकी वर्षं इतिहास गोळा केला, पण तो बोलला आज, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

फिल्मच्या शेवटाकडे कॅमेरा मागांच्या एका रांगेवरून सरकतो. तिथे, डोक्याला रुमाल बांधलेली, माझी आई उभी होती. जिवंत. तिचं कॅमेऱ्याकडे लक्ष नव्हतं, ती समोर कोणाकडे तरी बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. फोटोतले ते मिटलेले ओठ. मग कॅमेरा पुढे गेला आणि भिंत पांढरी झाली.

मी मावशीचा दंड धरून हलवला. "आई काय म्हणाली?"

तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "मला म्हणतेय," ती म्हणाली, "आज तू आधी घरी जा. पोरगी शेजारी ठेवलीय, ती तुझ्याशिवाय जेवत नाही."

मी त्या माडीवर सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले. हेडमास्तरांनी मला स्वतःचा रुमाल दिला, त्याला खडूचा वास येत होता.

त्यानंतर मी मावशीच्या मागेच लागले. दर आठवड्याला तिला माडीवर आणायचे, फिल्म लावायचे, आईवर थांबायचे. आणि दर वेळी त्या एवढ्याशा तुकड्यातून काहीतरी नवीन निघायचं. पोरीला दात येतायत. पोरीचे केस माझ्यासारखे होतील बघ. सुट्टीच्या दिवशी तिला नदीवर नेऊ.

"एवढ्यात एवढं सगळं कसं मावतं?" मी एकदा विचारलं.

"भरभर बोलायचो आम्ही."

जन्मभर तिने मला शेडची बोली सावकाश असते म्हणून सांगितलं होतं. वाचनालयाच्या पुस्तकाचं एक पान फाटलेलं असलं तरी माझ्या लक्षात येतं, पण हे आलं नाही. येऊ दिलं नाही, म्हणा हवं तर.

दुपारच्या सुट्टीत मी एकटीच पडदे ओढून फिल्म बघत बसू लागले. पाहुण्यांचा दरवाजा, बाईचे बूट, सुजलेला बोका. कोण काय म्हणतंय ते मावशीने सांगितलेलंच होतं, मी नुसती त्यांच्या ओठांकडे बघत राहायचे. बाहेर पडले तरी ती माणसं डोळ्यांपुढून हलायची नाहीत. एका दुपारी बसथांब्यापलीकडचा फळवाला गिऱ्हाइकाला म्हणाला, "उद्या या, आज कच्चे आहेत." शेजारीच दोन ट्रक गुरगुरत उभे होते. घरी पोचल्यावर माझ्या ध्यानात आलं, की ते मला ऐकू येणं शक्यच नव्हतं. मावशीला मी काही बोलले नाही. वाटलं, भास असेल. फक्त आईचे ओठ काही केल्या जुळेनात. मावशीची वाक्यं त्यांच्यावर बसायचीच नाहीत, कशीही ताणली तरी. मी म्हटलं, आपलाच अभ्यास कच्चा.

वाचनालयाच्या वाढदिवसाला फिल्म सगळ्या गावाला दाखवायची, खाली बोलणं लिहून, असं हेडमास्तरांनी ठरवलं. आईचं वाक्य मी स्वतः टाइप केलं. अख्ख्या गावासमोर माझी आई बोलणार होती, आणि माझ्याबद्दल बोलणार होती. मला दुसरं काही सुचत नव्हतं. त्याआधी एकदा तपासून घ्यावं म्हणून हेडमास्तरांनी कांडीवालीला बोलावलं. ती मावशीची जुनी मैत्रीण. शेडमध्ये कांड्या भरायची म्हणून कांडीवाली, आता नातवंडं झाली तरी तेच नाव. ती खोलीच्या त्या टोकाला बसली, मावशी या टोकाला, मध्ये कॉम्प्युटरपाशी मी.

आई आली. कांडीवालीचे खांदे गदगदा हलले. आमच्या डोक्यांवरून तिने मावशीकडे बघितलं आणि ओठ ताणून, आवाज न काढता म्हणाली, "अगं, ही तर गोळी चघळतेय!"

माझा हात होता तिथेच थांबला. मी मावशीकडे वळले नाही, नुसते डोळे फिरवले.

"गप," मावशीचे ओठ म्हणाले. "पोरीला सांगू नकोस."

"काय सांगितलंस तू तिला?"

"सुचलं ते. तिला आई बोलायला हवी होती."

"सगळं बरोबर आहे ना?" हेडमास्तरांनी विचारलं.

"अगदी," कांडीवाली मोठ्याने म्हणाली.

ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या नजरेसमोर बोलायचं नाही. उभ्या जन्मात मावशीची ही चूक झाली नव्हती. पण तिच्या लेखी मी अजून पुलाच्या टोकाशी उभी असलेली, काही न कळणारी पोरच होते.

सगळे गेल्यावर मी आई पुन्हा लावली. एकदा कळल्यावर दुसरं काही दिसेचना. उजवा गाल फुगलेला होता. मग गोळी डावीकडे गेली. मग तिने ती पुन्हा उजवीकडे घेतली, भुवया जरा उडवून, लबाड. माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मला संताप आला, आणि संतापाच्या खाली इतकं एकटं वाटलं, की मी बराच वेळ खुर्चीतून उठलेच नाही.

संध्याकाळी आम्ही चहाला बसलो. दिवा लावलेला होता. मी मावशीसमोर बसले आणि घशातून काहीही न काढता, ओठ ताणून विचारलं, "कसली गोळी होती?"

तिचा कप अधांतरी थांबला. "परत सांग" ती म्हणाली नाही.

"लिंबाची," तीही आवाजाशिवायच म्हणाली. "माझ्याच खिशातली. शेडमध्ये खायला बंदी होती. जॉबर पाहुण्यांच्या पुढे पुढे करायला गेला, तेवढ्यात हिने तोंडात टाकली." मग कप खाली ठेवून, "कधी शिकलीस?"

"भिंतीवर बघून बघून. खोटं का सांगितलंस?"

आता ती आवाजात बोलली. "तू लहानपणी विचारायचीस ना, तश्शीच बघत होतीस माझ्याकडे. तेव्हा तरी मी काय सांगणार होते? तिचा आवाज मलाही आठवत नाही गं. लोकांना वाटतं, कान गेले की पुढचं ऐकू येत नाही. मागचंही जातं. आमच्या आईचा गेला, मग हिचा. एकेक करून पुसले गेले. शोधायला गेले की नुसते माग चालतात डोक्यात."

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. ज्या कडीकुलपाचा मी जन्मभर राग केला, त्याच्या आत काहीच नव्हतं, आणि ती माझ्याइतकीच बाहेर उभी होती. मी तिचा हात धरला. तो कपाने गरम झाला होता.

"म्हणजे ती कशी बोलायची, ते आता कोणालाच ठाऊक नाही," मी म्हणाले.

"बोलायची कशी ते ठाऊक आहे की. रोज बघते." तिने बोट पुढे करून माझ्या ओठांच्या डाव्या कोपऱ्याला लावलं. "हा कोपरा आधी उचलतो. मग खालचा ओठ जरा मागे राहतो, घाई नसल्यासारखा. अख्ख्या शेडमध्ये असं कोणी बोलत नव्हतं. तू शाळेत जायला लागलीस, एक दिवस दारातून आत आलीस आणि दप्तर जड झालंय म्हणालीस. माझ्या हातातून पातेलं पडलं होतं. दूध सगळं जमिनीवर."

मला ते दूध आठवलं. माझी पावलं भिजली होती. आणि मग दुसरं काहीतरी आठवलं, आणि मी सरळ बसले.

"म्हणजे तुला माझं बोलणं पहिल्यांदाच कळायचं? इतकी वर्षं?"

"बहुतेक वेळा," मावशी म्हणाली आणि चहाचा घोट घेतला. तिला जराही लाज वाटलेली दिसली नाही.

वाढदिवसाच्या संध्याकाळी खोली खचाखच भरली, माणसं जिन्यात बसली. आईचं वाक्य मी काढून टाकलं होतं. तिथे लिहिलं होतं, "लिंबाची गोळी." जॉबर काठी आपटून ओरडले, "शेडमध्ये खायला बंदी होती!" आणि सगळं गाव हसलं. मीही हसले, आईसुद्धा भिंतीवर हसण्याच्या बेतातच होती. मावशीला हसू ऐकू आलं नाही, पण ती वळून एकेक चेहरा सावकाश बघत होती, आणि बराच वेळ बघत राहिली.

आम्ही पुलावरून घरी निघालो. धुकं उतरायला लागलं होतं. कठड्यापाशी मावशी रेंगाळली, तेव्हा मी म्हणाले, "चल लवकर, गार वारा सुटलाय."

"परत सांग," ती म्हणाली.

मी दोन पावलं मागे आले, दिव्याचा उजेड तोंडावर पडेल अशी उभी राहिले, आणि परत सांगितलं.